कुत्रा पोहतो, पण चढणार कसा?

कुत्र्याला पोहायला शिकवावं लागत नाही, या भरवशावर यावल तालुक्यातले मळे निर्धास्त असतात. भरवसा अगदीच खोटा नाही. गावठी कुत्रा पाण्यात पडला की पाय मारतो, नाक वर ठेवतो आणि काठ गाठतो. अडचण काठावर सुरू होते. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीबागांमध्ये जी शेततळी झाली आहेत, त्यांना कुत्र्याची नखं रुततील असा काठच नाही.

पाणी मुरू नये म्हणून शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात, बहुधा ५०० मायक्रॉनचा. पाण्याच्या रेषेवर त्याला शेवाळ धरतं आणि उताराची घसरगुंडी होते. मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. रखवालीचा कुत्रा अशा दुपारी पाण्यापाशी जाणारच. पाय घसरला की तो त्याच उतारावर पुन्हा पुन्हा झेप घेतो आणि दमून बुडतो. हौसेने आणलेल्या पगला तर तेवढीही सवड मिळत नाही. आखूड नाक आणि जड छाती यांमुळे त्याला धड पोहताच येत नाही.

महाडजवळ सावित्री नदीत उतरलेल्या एका कुत्र्याला तीन मगरींनी न खाता नाकाने ढकलत काठाकडे नेलं, अशी नोंद २०२३मध्ये 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' या संशोधनपत्रिकेत छापून आली. नशीबवान कुत्रा! शेततळ्यात मदतीला मगरही नसते.

मग माणूस उडी मारतो, आणि खरा घात तिथे होतो. एप्रिल २०२४मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात पडक्या विहिरीत मांजर पडलं. विहिरीत गोबरगॅसची स्लरी साठलेली होती. मांजराला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा. पाच जण दगावले. कमरेला दोर बांधून उतरलेला तेवढा वाचला. विहिरीत बिबट्या पडला तर वनखात्याची माणसं आत उडी घेत नाहीत. दोरांना बांधलेली खाट नाहीतर पिंजरा खाली सोडतात. कुत्र्यासाठीही खाट किंवा मोठी पाटी पुरते.

त्याहून सोपा उपाय म्हणजे जुने टायर. चार-पाच टायर दोराने एकाखाली एक बांधायचे, वरचं टोक बांधावर पक्क्या खुंटाला अडकवायचं आणि साखळी उतारावरून पाण्यात सोडायची. कुत्र्याचे पंजे टायरात अडकतात आणि तो वर येतो. पोरगं पडलं तर त्यालाही तोच आधार. मात्र मालकाने किंवा सालदाराने कुत्र्याला दोनचारदा तिथूनच बाहेर काढून जागा ओळखीची करून द्यायला हवी. नुसता गाठींचा दोर माणसाच्या कामाचा, कुत्र्याला तो धरता येत नाही.

तापीकाठी गोष्ट वेगळी. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ आली की नदीकाठच्या गावांना इशारा मिळतो. अशा वेळी माणसं निघतात, गुरं सुटतात; साखळीचा कुत्रा राहून जाऊ शकतो. अमेरिकेत २००५च्या कतरिना वादळात पाळीव जनावरं मागे सोडायला नको म्हणून कितीतरी लोक घराबाहेरच पडले नाहीत. पुढच्याच वर्षी तिथे सुटकेच्या आराखड्यात पाळीव जनावरांचा विचार सक्तीचा करणारा कायदा झाला. आपल्याकडे निदान साखळी सोडायला कायदा लागू नये.

शेततळ्याचं मात्र सरकारनेच मनावर घ्यायला हवं. २०१६च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेपासून सरकार खड्ड्याला अनुदान देत आलं आहे. त्या खड्ड्यातून वर यायची सोयही मंजुरीच्या अटीत असावी आणि कामाची मोजणी करताना टायर बांधलेत का, हेही पाहिलं जावं. ती अट येईल तेव्हा येईल. शेतकऱ्यांनी यंदा पाणी भरण्याआधी, तळं कोरडं आहे तोवर, टायर बांधून घ्यावेत.