हजारातली दहा

कुंभकोणमपासून थोड्या अंतरावर, कावेरीकाठच्या भातशेतांत इन्नंबूर नावाचं गाव आहे. तिथल्या शिवाला एळुत्तरिनाथर म्हणतात, म्हणजे अक्षरं जाणणारा देव. मूल शाळेत घालायच्या आधी आईबाप त्याला इथं घेऊन येतात आणि पुजारी साळीच्या दाण्यानं त्याच्या जिभेवर अक्षर रेखतात. ज्यांची वाचा अडखळते, त्यांनाही मोठ्या आशेनं इथं आणलं जातं. अगस्त्य ऋषींनी तमिळचं व्याकरण शिवाकडून इथंच शिकून घेतलं, अशी गावाची श्रद्धा आहे. सातव्या शतकातल्या अप्पर आणि संबंधर या संतांनी याच देवावर तमिळमध्ये पदं रचली.

इथून काही किलोमीटरवर स्वामिमलै आहे. साठ पायऱ्या चढून वर गेलं की तिथं मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, वडिलांचा गुरू म्हणून उभा आहे. कथा अशी की मुरुगननं ब्रह्मदेवाला ॐकाराचा अर्थ विचारला. चारही वेद ज्याच्या मुखी, त्या ब्रह्मदेवाला तो सांगता येईना. मुरुगननं त्याला कैदेत टाकलं. शिव सोडवायला आला तेव्हा त्यालाही अर्थ ऐकावा लागला, तोही शिष्यासारखा नम्र होऊन, पोराच्या तोंडून.

एका देवळात मुलाच्या जिभेला अक्षर मिळतं आणि दुसऱ्यात मूलच थोरांना अर्थ विचारतं. मुलांना स्तोत्रं, गीता, उपनिषदं शिकवण्याबद्दल आपल्याकडे जो वाद चालतो, त्यात बहुतेक जण यांपैकी एकाच देवळात जातात. ‘आधी पाठ होऊ दे, अर्थ मोठेपणी कळेल’ असं एक बाजू म्हणते, तर दुसरी ‘न कळता घोकायचं कशाला?’ म्हणून पाठांतरच मोडीत काढते. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि त्याचं कारणही मला कुंभकोणममध्येच सापडतं.

तिथल्या शार्ङ्गपाणीच्या देवळाशी वैष्णव परंपरेतली नाथमुनींची कथा जोडलेली आहे. नाथमुनी नवव्या-दहाव्या शतकातले, आजच्या काट्टुमन्नारकोविलचे. त्यांच्या गावी आलेल्या यात्रेकरूंनी एकदा कुंभकोणमच्या या विष्णूवरची संतकवी नम्माळ्वारांची दहा-अकरा तमिळ पदं म्हटली. ती त्यांना चोख पाठ होती. त्यांतल्या शेवटच्या पदात कवीनं सांगून ठेवलं आहे की ही दहा एका हजारातली आहेत. ते पद यात्रेकरू रोज म्हणत होते, पण उरलेली कुठं गेली, हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणाला पडला नव्हता. तो नाथमुनींना पडला, कारण ते अर्थाकडे कान देऊन ऐकत होते. शोध घेत ते दक्षिणेला नम्माळ्वारांच्या गावी पोहोचले. तिथं त्यांना सांगण्यात आलं की नम्माळ्वारांचे शिष्य मधुरकवी यांची एक छोटी रचना बारा हजार वेळा म्हणा. त्यांनी ती म्हटली आणि नम्माळ्वारांच्या हजार पदांसह सगळ्या आळ्वार संतांची चार हजार पदं त्यांच्या हाती आली, असं परंपरा सांगते.

मला ही कथा फार मोलाची वाटते. प्रश्न अर्थामुळे सुचला आणि उत्तर पठणातून मिळालं. त्या यात्रेकरूंनी दहा पदं जिभेवर जपली नसती, तर नाथमुनींना विचारायला काही उरलंच नसतं. आणि नाथमुनींसारखा कान भेटला नसता, तर दहाची दहाच राहिली असती.

म्हणून पाठांतराला कमी लेखणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कुंभकोणमची राजा वेद काव्य पाठशाळा आपली स्थापना १५४२ची सांगते. अशा पाठशाळांतून सात-आठ वर्षांची मुलं संथा घेतात. पद, क्रम, जटा, घन असे पाठ चढत्या क्रमानं येतात. शब्द पुढून म्हणायचे, उलटे म्हणायचे, पुन्हा पुढून म्हणायचे, म्हणजे एक स्वरही हलला तर लगेच उघडा पडतो. छापखाना नव्हता आणि लिहून ठेवण्यावर भरवसा नव्हता, त्या काळापासून हा मजकूर माणसांच्या कंठातून आला आहे. युनेस्कोनं २००८मध्ये वेदपठणाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते याच कष्टांमुळे. घनपाठी माणसापुढं मी हात जोडतो.

पण अर्थाची मागणी आजच्या शिकलेल्यांनी काढलेलं खूळ आहे, असं कुणी म्हणू नये. ‘मंत्रांना अर्थ नसतो’ हे कौत्साचं मत यास्कांनी वेदार्थावरच्या आपल्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात नोंदवलं आणि मुद्द्यानिशी खोडून काढलं. वेद शिकूनही अर्थ न जाणणाऱ्याला त्यांनी भार वाहणारा खांब म्हटलं आहे. शेकडो वर्षांनी आपल्या तुकोबांनीही याच गोष्टीसाठी डोक्यावरच्या ओझ्याचीच प्रतिमा वापरली. म्हणजे ही तक्रार वैदिकांच्या घरातली आहे आणि वारकऱ्यांच्याही.

कुंभकोणमच्याच परिसरात गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर उभं राहिलं आहे. तमिळ भजनी परंपरेत आपले अभंग मनापासून गायले जातात. गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना मराठी येत नाही. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर असल्यामुळे भजनाच्या पुस्तकांत अक्षराशेजारी बारीक २, ३, ४ असे आकडे छापून उच्चार सांभाळलेला असतो. परभाषेतल्या शब्दासाठी एवढी काळजी! आणि उच्चार सांभाळून ते थांबत नाहीत. तंजावरच्या मराठी राजवटीत तिकडे गेलेल्या कीर्तनातून त्यांची हरिकथा घडली. हरिकथेत भागवतर, म्हणजे तिथले कीर्तनकार, अभंग गातात, थांबून तमिळमध्ये त्याचा अर्थ सांगतात, गोष्ट सांगतात आणि पुन्हा गातात. पठण आणि अर्थ एकाच बैठकीत देणारी ही रीत त्यांनी आपल्याकडून घेतली आणि जपली. आपल्या घरांत ती किती उरली आहे?

रामरक्षेचंच पाहा. दिवेलागणीला लाखो मराठी मुलांनी ती म्हटली आहे. तिच्या सुरुवातीच्या भागात कवच आहे: डोक्यापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचं रक्षण रामानं करावं, अशी प्रार्थना. प्रत्येक अवयवापाशी रामाचं वेगळं नाव येतं. कपाळाशी दशरथाचा मुलगा, डोळ्यांशी कौसल्येचा. कानांशी विश्वामित्रांचा लाडका, नाकाशी यज्ञाचा रक्षणकर्ता. बाहूंशी येताना शिवधनुष्य मोडतं, हातांशी सीतेशी लग्न लागतं. पोटाशी खर मारला जातो, कमरेशी सुग्रीव भेटतो, गुडघ्यांपाशी सेतू बांधला जातो, पोटऱ्यांशी रावण पडतो आणि पावलांपाशी बिभीषणाला राज्य मिळतं. मुलाच्या अंगावरून अख्खं रामायण, जवळजवळ घडलं त्या क्रमानं, खाली उतरत जातं. पाच वर्षांच्या मुलालाही हे कळतं, कारण नाक, कान, गुडघा त्याला हातानं दाखवता येतो. व्याकरण लागत नाही, तत्त्वज्ञान लागत नाही, एक संध्याकाळ लागते. ‘मोठेपणी कळेल’ म्हणून आपण हा आनंद पुढं ढकलतो आणि मोठेपणी मुलगा रामरक्षाच म्हणेनासा होतो.

अर्थ पुढं ढकलण्यामागं खरी अडचण मुलाच्या वयाची नसते. आपल्यालाच तो ठाऊक नसतो, आणि हे मुलापुढं कबूल करायला आपण कचरतो. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती. ते त्यांनी मुलाला सरळ सांगितलं आणि गीता मराठीत हवी म्हणून मागितली. आई गेल्यावर, १९३०-३१मध्ये, विनोबांनी ‘गीताई’ लिहिली. न कळण्याची लाज न धरल्यामुळे महाराष्ट्राला गीता पुन्हा एकदा मराठीत मिळाली. ज्ञानेश्वरांनी ती १२९०मध्ये दिली होतीच. एवढा वारसा हाताशी असताना अर्थ कुठं शोधावा, असा प्रश्न मराठी आईबापांना पडायला नको.

पाठांतराच्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसलो आहे. लहान मुलं गीतेचा पंधरावा अध्याय घडाघडा म्हणतात तेव्हा ऊर भरून येतो. गुणपत्रिकेत रकाने असतात ते उच्चार, स्पष्टता, लय आणि सलगपणा यांचे. अर्थाचा रकाना मला दिसलेला नाही. पंधराव्याची सुरुवात मुळं वर आणि फांद्या खाली असलेल्या झाडानं होते. असं झाड ऐकून मुलाच्या मनात प्रश्न येणार नाही, हे शक्यच नाही. तो विचारायला आपण जागा ठेवत नाही.

गणेशोत्सवात, गीता जयंतीला, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत या स्पर्धा भरवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. पाठांतराचं मोल कमी करू नका. शंभरातले दहा गुण अर्थासाठी ठेवा. मुलानं म्हटलेल्यातली एकच ओळ निवडा आणि तिच्यात काय सांगितलं आहे, ते त्याला मराठीत, त्याच्या शब्दांत विचारा. आणि म्हणून झाल्यावर मुलाला परीक्षकांना एक प्रश्न विचारू द्या. परीक्षकांनी त्याची तयारी करून यावं.