इंजिन बदलण्याआधी जेट बघा

आमच्या कळंबला काय किंवा यवतमाळला काय, जुनी यामाहा आरएक्स १०० नीट चालेना की कोणीतरी सल्ला देतोच, "आरएक्स १३५चं इंजिन टाक, कटकट मिटेल." मला हे पटत नाही.

१९८५ ते १९९६ या काळात भारतात निघालेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. तिचा दोष बऱ्याचदा इंजिनात नसतोच. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि कार्बोरेटरचा पायलट जेट बुजतो. मग चोक ओढला तर गाडी चालते, सोडला की बंद. प्लग काळा पडत असेल तर एअर फिल्टर आणि फ्लोटची लेव्हल बघावी. जेट साफ करताना तार घालू नये, भोक मोठं होतं. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, जुन्या रबरालाही सोसत नाही. म्हणून गाडी उभी ठेवण्याआधी कार्बोरेटर रिकामा करावा.

पिस्टन खरंच झिजला असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाका. पण इंजिनच बदललं तर आरसी बुकातला नंबर जुळत नाही. त्यासाठी आरटीओची परवानगी लागते, आणि ती घेतो कोण? पुढे विम्याच्या वेळी, गाडी विकताना हेच आडवं येतं.

शिवाय मूळ इंजिन एकदा भंगारात गेलं की गेलंच. बाबांची म्हणून जपलेल्या गाडीत मग बाबांचं उरतं काय? टाकी आणि नंबर प्लेट!