आधी कान, मग हात

श्रावण सरत आला की दिवेलागणीच्या सुमारास शेवगावातही मोकळ्या मैदानांवरून ढोलांचा घुमारा कानी येऊ लागतो. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीसाठी पथकांचा सराव चाललेला असतो. तिशी-चाळिशीतल्या कित्येक भगिनी आणि बंधू मैदानाच्या कडेला उभे राहून तो पाहतात आणि मनातल्या मनात ठेका धरून घरी परततात. वाचकहो, आपण त्यांपैकी असाल, तर यंदा कडेला उभे राहू नका.

शिकणे सोपे आहे, असे मी म्हणणार नाही. उजव्या हातातील टिपरू एका पानावर, डाव्या तळहाताची थाप दुसऱ्या पानावर, आणि तेवढ्यातच पावलेही टाकायची! पहिल्या दिवशी बहुतेकांची त्रेधा उडते. अशा वेळी धावत जाऊन इतरांना गाठू नये. हात थांबवावा, ताशाकडे कान द्यावा आणि आवर्तन फिरून आले की पहिल्या ठोक्यावर आत शिरावे. प्रारंभी तेवढा एक ठोका अचूक पडला तरी पुरे. बाकीचे समूह सांभाळून घेतो. दिंडीत जाणत्या टाळकऱ्याशेजारी उभे राहूनच मुले टाळ शिकतात, त्यांना वेगळी शिकवणी नसते.

ब्राझीलमधील सांबा वादकांच्या ताफ्यातही हीच रीत आहे. तेथे एक मोठा ढोल ठोका देतो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि प्रमुख वादक शिटीने इशारे करतो. त्या प्रमुखाला ‘मेस्त्रे’ म्हणतात. आपल्या ‘मिस्त्री’चे मूळही याच पोर्तुगीज शब्दात आहे.

समूहवादनाने मन हलके होते, हा केवळ भाबडा समज नाही. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की नुसते संगीत ऐकणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष गाणाऱ्या, नाचणाऱ्या व ढोल वाजवणाऱ्या माणसांची वेदना सोसण्याची क्षमता वाढते. माझ्या मते या वरदानातच एक धोकाही दडलेला आहे. तळहाताला आलेला फोड किंवा कमरेत भरलेली उसण वाजवताना जाणवतच नाही; ती जाणवते घरी आल्यावर. म्हणून ढोल पोटाशी घट्ट बांधावा, कंबर मागे झुकवू नये आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी तो उतरवून पाणी प्यावे. पाठीचे जुने दुखणे असल्यास वैद्यकीय सल्ल्यावाचून ढोल बांधू नये, झांज घ्यावी.

सांबातील त्या मोठ्या ढोलाचे नाव ‘सुर्दो’ असे आहे. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ ‘बहिरा’! योगायोग म्हणा, पण पथकात सर्वाधिक जपायचे ते कानच. व्यावसायिक आरोग्याच्या प्रचलित निकषानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाकाठी आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात अवघी पंधरा मिनिटे. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. सरावानंतर कानात गुणगुण होणे, घरच्यांचे बोलणे दबके ऐकू येणे, ही पहिली सूचना होय. सकाळी बरे वाटले म्हणून ती विसरू नये; हे वारंवार घडले तर श्रवणदोष कायमचा होतो.

कापसाचा बोळा येथे फारसा उपयोगी नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी फोमची कर्णरक्षके बोटांनी चेपून नीट आत बसवावीत. ती घातल्यावर ठेका ऐकू येणार नाही, ही भीती व्यर्थ आहे. गोंगाट मंदावतो आणि ताशाची काडी चांगली ओळखू येते. ‘एवढे नाजूक कशाला?’ असे कोणी हसेल. हसू द्यावे.

आणि मिरवणुकीच्या दिवशी आपले वादन पाहायला येणाऱ्या घरच्या मंडळींना एवढे मात्र सांगून ठेवा, की तान्ह्या मुलाला घेऊन ढोलांच्या रांगेपुढे उभे राहू नका. चौकापलीकडच्या एखाद्या ओट्यावरूनही आम्ही तुम्हांला दिसू.