‘च’ आणि ‘ओन्ली’

धनादेशावर रक्कम अक्षरांत लिहिल्यावर शेवटी ‘फक्त’, ‘मात्र’ किंवा ‘ओन्ली’ लिहिण्याची रीत प्रत्येक पेढीवर आहे. कायद्याने हा शब्द सक्तीचा नाही. परंतु तो नसल्यास ‘पाच हजार’ यापुढील मोकळ्या जागेत ‘पाचशे’ वाढवण्यास वाव राहतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे अंकी व अक्षरी रकमेत तफावत पडल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात. म्हणून या छोट्या शब्दाची राखण मोलाची.

मराठीत हे काम ‘च’ करतो. समजा, वडीगोद्रीच्या कापूस व्यापाऱ्याने अडत्यास कळवले, ‘आम्हीच काल गाठी पाठवल्या’, तर अर्थ होतो, दुसऱ्या कोणी नव्हे. ‘आम्ही कालच गाठी पाठवल्या’, म्हणजे विलंब झाला नाही. ‘आम्ही काल गाठीच पाठवल्या’, म्हणजे सरकी नव्हे. अक्षर एकच, जागा बदलताच जबाबदारी बदलते.

इंग्रजीत असा एकच प्रत्यय नाही. तेथे ‘वुई सेंट द बेल्स’ हे साधे विधान. समोरचा माल पोहोचल्याबद्दल शंका घेऊ लागला, तर ‘वुई डिड सेंड द बेल्स’ असे लिहावे. ‘डिड’ आल्यावर ‘सेंट’चे मूळ रूप ‘सेंड’ होते, हे विसरू नये.

आपली खरी चूक ‘ओन्ली’मध्ये होते. ‘दर आजच कळवतो’ याचे भाषांतर अनेक जण ‘वुई विल सेंड द रेट टुडे ओन्ली’ असे करतात. परदेशी ग्राहक त्याचा अर्थ ‘दर केवळ आजच्या दिवशी कळवू, नंतर नाही’ असा घेऊ शकतो. अशा वेळी नुसते ‘टुडे’ पुरे. जोरच हवा असेल तर ‘धिस व्हेरी डे’ लिहावे.

मात्र जोरही जपून वापरावा. प्रत्येक पत्रावर ‘व्हेरी व्हेरी अर्जंट’ लिहिणाऱ्याचे खरोखरीचे निकडीचे पत्रही इतरांच्या गठ्ठ्यात पडून राहते. उधारीच्या वायद्याचेही तसेच आहे. ‘उद्या नक्कीच देतो’ यातील ‘नक्कीच’ला बळ मागील वायदे किती पाळले यावरून येते. ज्याची खातेवही चोख, त्याचे साधे ‘देतो’ पुरेसे असते.