'उचलणे' आणि बचाव

मराठीत 'उचलणे' हे क्रियापद दोन परस्परविरोधी प्रसंगी वापरले जाते. दुकानातील वस्तू कोणी नजर चुकवून लांबवली, की 'माल उचलला' असे म्हणतात. आणि त्याच संशयावरून एखाद्याला ठाण्यात नेले, की 'पोलिसांनी उचलला' असेही म्हणतात. पहिल्या उचलण्याचा जाब न्यायालयात द्यावा लागतो. दुसऱ्या उचलण्याचा जाब कोणी विचारायचा, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. तो विचारणे हे आरोपीच्या वकिलाचे काम आहे. आणि किरकोळ चोरीच्या खटल्यात हे काम जवळजवळ कोणीच गांभीर्याने करत नाही, असे माझे मत आहे.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन याच क्रियापदावरून नाव पडलेल्या जमातीचे आहे. त्यांचे धनेगाव आज लातूर जिल्ह्यात असले, तरी १९८२ साली लातूर वेगळा होईपर्यंत हा मुलूख उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचाच होता. पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आम्ही मराठीची मास्तर मंडळी त्याची बोली, त्यातील अनुभवविश्व, आत्मकथनाचा घाट यांवर तास घेतो. परंतु त्यातील पोलिसांचे छापे आणि मारहाण आपण केवळ 'दाहक वास्तव' म्हणून वाचतो. हा कायद्याचाही प्रश्न आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाचा गुन्हा त्याच्या जन्माबरोबरच लिहून ठेवला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण पुढे ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ साली. या कायद्यांच्या आडून विमुक्त जमातींवरील जुना शिक्का कसा टिकून राहिला, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे रद्दीकरणानंतर बहात्तर वर्षांनी, घेतली.

आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा, तुळजापुरात नवरात्राच्या गर्दीत एका बाईने आठशे रुपयांची साडी उचलली आणि ती जागीच सापडली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार, पाच हजारांहून कमी किमतीची चोरी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि वस्तू परत मिळाली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पण त्याच संहितेचे कलम ३०५ राहत्या घरातील किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते; तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे साडी आठवडी बाजारातल्या उघड्या पथारीवरून उचलली तर एक कलम, आणि दुकानाच्या चार भिंतींआडून उचलली तर दुसरे! किमतीचा आणि परतफेडीचा विचार ३०५ मध्ये नाही. कोणते कलम लावायचे, हे पहिल्यांदा ठरवणारा माणूस ठाण्यात बसलेला असतो. ते बरोबर लावले आहे काय, हे तपासणारे दुसरे डोळे वकिलाचे.

दुकानाचेच कलम योग्य ठरले, तरी वाट संपत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक सरसकट करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली बजावले आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे तिसरे कलम पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाला समज देऊन सोडण्याची मुभा देते, आणि त्यात जुन्या दंडसंहितेतील इमारतीतील चोरीचे ३८० वे कलम नावानिशी नमूद आहे. याच अधिनियमाचे बारावे कलम दोषसिद्धीतून येणारी अपात्रताही दूर करते. पण हे सारे कोणीतरी उठून मागावे लागते.

प्रत्यक्षात सोपी वाट सुचवली जाते ती 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, आजच घरी जा' ही. आरोपीला ती दयाळू वाटते, कारण रोजंदारी बुडवून तारखांना येणे त्याला परवडत नाही. परंतु त्या एका शब्दाने दोषसिद्धी नोंदली जाते. पुढच्या वेळी 'प्रथमच' हा शब्द त्याच्यासाठी संपलेला असतो, आणि 'सराईत' या शब्दाकडे त्याची वाटचाल सुरू होते. गावात पुढची चोरी झाली की पहिली चौकशी त्याच्याच झोपडीत होते. स्वस्तात मिळालेली सुटका अशी फार महाग पडते.

यावर दुकानदार म्हणेल की, नुकसान माझे झाले आणि कळवळा चोराचा! त्याचे म्हणणे उडवून लावता येणार नाही. छोट्या गावातील कापड दुकानदाराचा नफा तुटपुंजा असतो. एक साडी गेली तर दिवसाची कमाई जाते. परंतु त्याला हवा असतो तो माल, किंवा मालाची किंमत. आरोपीच्या तुरुंगवासाने ती मिळत नाही. कलम ३०३(२) मधील सवलत तर वस्तू वा किंमत परत केल्याखेरीज मिळतच नाही. चांगला वकील भरपाईची बोलणी करू शकतो; जामिनाअभावी आत बसलेली बाई आठशे रुपये कोठून आणणार?

विनामूल्य वकिलाचा हक्क आपल्याकडे नवा नाही. संविधानात अनुच्छेद ३९-अ १९७६ साली आला. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी हा हक्क ठामपणे मांडला. त्या खटल्यातील आरोपी बनावट पदव्यांच्या प्रकरणातील विद्यापीठीय अध्यापक होता, हे आमच्या व्यवसायबंधूंनी ध्यानात ठेवावे! १९८६ च्या सुक दास निर्णयाने पुढे सांगितले की, आरोपीने मागितला नाही म्हणून हा हक्क बुडत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमात अनुसूचित जाती-जमातींचा उल्लेख आहे, विमुक्तांचा नाही. तथापि स्त्रिया आणि कोठडीतील प्रत्येक व्यक्ती त्यात येते, उत्पन्न कितीही असो.

म्हणजे कायदा अपुरा नाही. अपुरी पडते ती वेळ. मागणी म्हणून एकच गोष्ट मांडतो. 'गुन्हा कबूल आहे काय?' हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वी आरोपी आणि त्याचा वकील यांना एकांतात, आरोपीच्या बोलीत, निवांत अर्धा तास बोलता आले पाहिजे. आणि ते बोलणे झाले की नाही, हे न्यायालयाने विचारून नोंदवले पाहिजे. तालुका विधी सेवा समित्यांना याहून मोठ्या योजनेची गरज नाही. चोरी झालीच नाही, असे सांगण्यासाठी हा बचाव नाही. जे घडले त्याला कायद्यातले त्याचे नेमके नाव मिळावे, आणि ते नाव आरोपीच्या जातीवरून ठरू नये, एवढ्यासाठी तो आहे.