बिल्टीवर नाव कोणाचं?

शाळांचे निकाल लागले की बिऱ्हाडं हलायला लागतात. कुणाची बँकेतली बदली, कुणाची आयटीतली नवी नोकरी, कुणाचा अकरा महिन्यांचा करार संपलेला. या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सामान हलवणाऱ्या कंपन्यांविषयीच्या तक्रारी हटकून असतात आणि त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक चार ठिकाणी दर विचारतात, घासाघीस उत्तम करतात. पण गाडी कोणाची आणि सामानाला जबाबदार कोण, हे विचारायचं राहून जातं.

पुण्याहून बंगळूरला गेलेल्या एका वाचक भगिनींनी आपली सगळी कागदपत्रं मला पाठवली आहेत. त्यांनी इंटरनेटवर एका ठिकाणी नाव-नंबर भरला आणि लगेच फोन सुरू झाले. त्यातल्या एकाशी 28 हजारांत सौदा ठरला, निम्मे पैसे आधीच गेले. ठरल्या दिवशी आलेल्या टेम्पोवर वेगळ्याच कंपनीचं नाव होतं. सामान आधी गोदामात गेलं आणि तिथून तिसऱ्याच माणसाच्या ट्रकवर चढलं. बंगळूरला दारात गाडी उभी राहिली, तेव्हा ड्रायव्हरने आणखी 14 हजार मागितले. त्याशिवाय दोरी सोडणार नाही म्हणाला. ज्याच्याशी बोलणं झालं होतं त्याला फोन लावला, तर उत्तर आलं, “मॅडम, आम्ही फक्त बुकिंग करून देतो.”

हे एकट्यादुकट्याचं नशीब नाही, धंद्याची रचनाच अशी आहे. तुमचा नंबर घेणारं संकेतस्थळ तो तीन-चार जणांना विकतं. विकत घेणाऱ्यांपैकी काहींकडे एक खोली आणि दोन मोबाइल, एवढंच भांडवल असतं. ते सौदा पक्का करतात आणि काम गोदामवाल्याला देतात. गोदामवाला ट्रान्सपोर्टनगरातून मार्केटची गाडी धरतो. प्रत्येक हात आपलं कमिशन काढून घेतो. शेवटी ट्रकवाल्याच्या हातात जे उरतं त्यात डिझेल, टोल आणि हमाली भागत नाही. मग ती तूट तुमच्या दारात, तुमचाच फ्रिज ओलीस ठेवून वसूल होते. म्हणून इतरांपेक्षा पाच-सात हजारांनी कमी आलेला दर मला नेहमी धोक्याचा वाटतो.

दलाल म्हणजे लबाड, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडची ट्रकवाहतूक दलालांवरच चालते. चेन्नईहून निगडीला माल टाकून रिकामी परतणारी गाडी शोधून देणारा माणूस ट्रकवाल्याचं आणि तुमचं, दोघांचंही भलं करतो. पार्ट लोडमध्ये दोन-तीन घरांचं सामान एकाच कंटेनरमधून जाणंही चुकीचं नाही. माझा राग लपवाछपवीवर आहे. ‘गाडी माझी नाही, मी ती बाहेरून लावणार आहे,’ एवढं स्पष्ट सांगणाऱ्या दलालाशी खुशाल व्यवहार करावा.

आणि ‘आम्ही फक्त बुकिंग करतो’ हा बचाव कायद्याने कधीच मोडीत काढला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1865 चा जुना कायदा रद्द करून संसदेने 2007 साली रस्ते मालवाहतुकीचा नवा कायदा केला, तो 1 मार्च 2011 पासून लागू आहे. त्यात ‘सार्वजनिक वाहक’ कोणाला म्हणायचं याच्या व्याख्येतच बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल आहेत. या सगळ्यांना नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे ज्याने तुमचं सामान पोहोचवायचं अंगावर घेतलं, तो ट्रक दुसऱ्याचा आहे म्हणून हात झटकू शकत नाही. फक्त त्याने अंगावर घेतलं होतं, हे कागदावर दिसलं पाहिजे. तो कागद म्हणजे बिल्टी.

त्या भगिनींची बिल्टी माझ्यासमोर आहे. वर गोदामवाल्याचं नाव, पत्त्यात फक्त पिनकोड. मालाच्या रकान्यात ‘जुने घरगुती सामान, 42 नग’. त्या 42 नगांत टीव्ही कोणता, शिलाई मशीन कोणतं, काही पत्ता नाही. सोबतच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे एकाच हाताने ‘स्क्रॅच’ लिहिलंय, दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या वॉशिंग मशीनपुढेही. आणि मालाची किंमत: 20 हजार रुपये. त्यांनी विचारलं होतं, तर ‘नाक्यावर कमी किंमत दाखवलेली बरी’ असं सांगण्यात आलं.

इथेच पाणी मुरतं. या कायद्याच्या नियमांनुसार वाहकाची भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, पण तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर ती जात नाही. 28 हजार भाड्याच्या हिशेबाने मर्यादा 2 लाख 80 हजार झाली असती. किमतीच्या रकान्यातल्या एका आकड्याने ती 20 हजारांवर आणली. ज्या नाक्याची भीती घातली, तिथे घरच्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिलसुद्धा लागत नाही. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला संपली. तरी अजून कोटेशनांत ‘नाका खर्च’ लिहिलेला सापडतो; तो रकाना दिसला तर खुलासा मागा.

विम्याचंही तसंच. जाहीर किमतीवर दोन-तीन टक्के लावून ‘इन्शुरन्स’ म्हणून पैसे घेतले जातात आणि पुष्कळदा ते कंपनीच्याच खिशात राहतात. विमा खरा असेल तर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि तुमचं नाव असलेला कागद गाडी निघण्याआधी मिळायला हवा. कागद नसेल तर विमा नाही.

नाव ओळखीचं आहे म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवसही गेले. ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावावर हक्क सांगणारी डीआरएस लॉजिस्टिक्स कंपनी गुगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आमचं नाव शोधणाऱ्याला दुसऱ्यांच्याच जाहिराती दिसतात, अशी तिची तक्रार होती. ऑगस्ट 2023 मध्ये खंडपीठाने सांगितलं, की दुसऱ्याचं व्यापारचिन्ह असं शोधशब्द म्हणून विकण्यात गुगल निव्वळ मध्यस्थ नसून सक्रिय सहभागी आहे, आणि त्यातून त्या चिन्हाचा भंग होत असेल तर तिला कायद्याचं संरक्षण मिळणार नाही. नाव टाकल्यावर सगळ्यात वर दिसणारी कंपनी ही तुम्ही शोधलेली कंपनी असेलच असं नाही, एवढं यातून घ्यावं.

मग निवडायचं कसं? कंपनीचा जीएसटी क्रमांक मागा आणि सरकारी पोर्टलवर टाकून पाहा. मालकाचं कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीख लगेच दिसते. ‘पंचवीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी कधीकधी मागच्या दिवाळीची निघते. वाहक म्हणून नोंदणी क्रमांकही मागा. बँक असोसिएशनची मान्यता आहे असं कोणी म्हणालं, तर त्या यादीत नाव स्वतः शोधा. घर पाहायला माणूस पाठवा म्हणावं, निदान व्हिडिओवर कपाटं, माळा, गॅलरी सगळं दाखवावं; न बघता फोनवर ठाम दर देणारा दारात तो बदलणारच. मोठा ॲडव्हान्स देऊ नये. पैसे ज्या खात्यात जाणार, बिलावर जे नाव येणार आणि बिल्टीवर जे नाव असणार ती एकच असावीत. मी निम्मी पारख याच एका गोष्टीवर करतो. माल भरताना यादी आपण आपल्या हाताने लिहावी, टीव्ही-फ्रिजचे सिरियल नंबर टाकावेत, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढावा.

एवढं करूनही अडवणूक झालीच, तर ठरलेली बाकी रक्कम बँकेतूनच द्यावी आणि वरची मागणी मेसेजवर लेखी घ्यावी. ती देणं भागच पडलं तर ‘नाइलाजाने देत आहे’ असं लिहून द्यावं. पोलिसांनी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून वाटेला लावायचा प्रयत्न केला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316 दाखवावं. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार करणाऱ्या वाहकासाठी त्यात स्वतंत्र तरतूद आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत वाहकाला पोहोचली पाहिजे. ही मुदत चुकली म्हणून चांगले दावे बुडालेले आहेत. ग्राहक आयोगात तक्रार नव्या गावातही करता येते, 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगाला तो अधिकार दिलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

पण एवढा सगळा भार बदलीच्या धावपळीत, लेकरांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन निघालेल्या माणसावर का टाकायचा? दलालाची नोंदणी सक्तीची आहे, तर ती तपासण्याचं काम परिवहन खात्याचं आहे. आपले नंबर विकणाऱ्या संकेतस्थळांनी निदान प्रत्येक कंपनीच्या नावापुढे तिचा वाहक नोंदणी क्रमांक छापावा आणि ज्याच्याकडे तो नाही त्याला ग्राहकाचा नंबर देऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. परिवहन आयुक्त कार्यालयाने मनावर घेतलं तर पुढच्या मे महिन्याच्या आत हे होऊ शकतं.