उलट, सुलट आणि चिकू

चेन्नईत राहणारी बाई सुया घेऊन बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथे लोकर घालतं कोण?" मैत्रिणींनो, मार्गळीच्या महिन्यात पारा बावीसवर आला की इथले आजोबा कानटोपी घालूनच फिरायला निघतात. शिवाय 31 जानेवारी 2016 रोजी याच शहरात 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण अंथरलं गेलं आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. चेन्नईच्या सुबश्री नटराजन यांनी त्यासाठी कितीतरी बायकांना जोडून घेतलं होतं. लोकरीच्या बाबतीत या शहराला कमी समजू नका!

माझं विणकाम मात्र सध्या एका पिल्लासाठी चाललंय. त्याला स्वेटर नाही हो विणत. चेन्नईच्या उकाड्यात लॅब्रडॉरला स्वेटर म्हणजे छळच. माझं विणकाम हे त्याचं घड्याळ आहे.

झालं असं, की शेजारच्या अक्कांचा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. फटाका वाजला किंवा मिक्सर सुरू झाला की तो उठून धावत सुटतो, कधी कधी थेट रस्त्याकडे. त्याच्यासोबत राहील, त्याला शांत करील असं कुत्रं घ्यावं, असं एका प्रशिक्षकाने सुचवलं. पण तसं तयार कुत्रं आपल्याकडे सहज मिळत नाही. अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था 1929 पासून अंधांसाठी कुत्री तयार करते. तिथे साधारण दोन महिन्यांचं पिल्लू एखादं कुटुंब घरी नेतं, वर्षभराहून अधिक काळ वाढवतं आणि मग प्रशिक्षणासाठी परत देतं. इथे ती सगळी कामं अक्कांच्याच घराने करायची. अक्का बँकेत जातात, माझं काम घरून चालतं. त्यामुळे दहा ते पाच चिकू माझ्याकडे असतो.

अशा कुत्र्याने सगळ्यात आधी काय शिकायचं, माहीत आहे? काहीही न करणं. आजूबाजूला काहीही चाललं तरी माणसाच्या पायाशी पडून राहणं. म्हणून मी विणायला बसते आणि चिकू चटईवर. सुरुवातीला वीस टाक्यांची एक ओळ पुरी होईपर्यंत तो थांबला की खाऊ. मग दोन ओळी, मग चार. आता उलट-सुलट मिळून तीसेक ओळी तो निवांत काढतो. फक्त धागा त्याच्या तोंडाला लागू द्यायचा नाही. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर पोट उघडावं लागतं, आणि बाहेर लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. घरात पिल्लू आणि शिवणाचा डबा दोन्ही असतील तर एवढं लक्षात ठेवाच.

एक गंमत सांगते. मी त्याला "बस" म्हणायचे आणि अक्कांच्या सासूबाई खिडकीतून कुठली बस आली ते बघायच्या. शेवटी प्रशिक्षकाने सगळ्या घरासाठी एकच शब्द ठरवून दिला.

इथपर्यंत ठीक होतं. मग आमच्या इमारतीच्या असोसिएशनची नोटीस लागली: कुत्र्यांना लिफ्टबंदी. अक्का चौथ्या मजल्यावर. मोठ्या जातीच्या पिल्लाचे सांधे वाढत असताना त्याने दिवसातून चारदा चार मजले चढणं-उतरणं बरं नव्हे. मुलगा तर लिफ्टशिवाय खाली उतरायलाच तयार होत नाही. पाळीव प्राण्यांना सरसकट लिफ्टबंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं 2015 चं पत्रक आहे. अक्कांनी ते छापून सेक्रेटरींच्या हातात दिलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "म्हातारी माणसं घाबरतात."

आता यात सेक्रेटरी अगदीच चूक नाहीत, असं माझं मत आहे. आमच्या फाटकाशी पाच-सहा भटकी कुत्री असतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पाटींना, म्हणजे आजींना, त्यातल्या एकाने चावलंय. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या भीतीला अडाणीपणा म्हणणारे प्राणिप्रेमी मला पटत नाहीत. पण फाटकावरच्या कुत्र्यांचा राग चिकूवर काढून ती भीती कमी कशी होणार?

म्हणून नोव्हेंबरात आम्ही एरिया सभेला गेलो. चेन्नई महापालिकेत 2016 पासून 2022 पर्यंत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. फेब्रुवारी 2022 मध्ये 200 वॉर्डांची निवडणूक झाली, अठ्ठावीस वर्षांच्या आर. प्रिया महापौर झाल्या आणि त्यानंतर वॉर्डावॉर्डात या सभा सुरू झाल्या. माझं तमिळ भाजीवालीपुरतं, पण गटार, कचरा आणि डास हे शब्द आता पाठ झालेत. मी सुया काढल्या. कोणी बघितलं तर बघू दे, एलिनॉर रूझवेल्ट मोठमोठ्या बैठकांत विणत बसायच्या! चिकू खुर्चीखाली. माईक किंचाळला, खुर्च्या सरकल्या, पावसाळी गटारावरून पाऊण तास जुंपली. त्याने एकदा मान वर केली आणि परत खाली टेकवली.

आमची पाळी आली. लिफ्ट हा माझा विषय नाही, असं नगरसेविका स्पष्ट म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. पण गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस हा महापालिकेचाच विषय. त्यासाठी गाडी पाठवण्याचं त्यांनी कबूल केलं. मग त्यांनी चिकूचा परवाना मागितला. महापालिकेने 2025 च्या शेवटी पाळीव कुत्र्यांसाठी तो सक्तीचा केलाय, नसेल तर 5,000 रुपये दंड. अक्कांनी परवाना आणि लसीचं प्रमाणपत्र दोन्ही पुढे केलं. मागच्या रांगेतून सेक्रेटरी मान उंचावून बघत होते.

नोटीस अजून भिंतीवर आहे. फक्त 'कुत्र्यांना' या शब्दाआधी कोणीतरी पेनाने 'परवाना नसलेल्या' असं लिहिलंय. अक्षर सेक्रेटरींचं आहे, असं वॉचमन सांगतो. पाटी लिफ्टला आल्या की आम्ही चिकूला घेऊन बाजूला थांबतो आणि त्यांना आधी जाऊ देतो. मुलगा त्यांच्याशी बोलत नाही, पण त्या आत शिरेपर्यंत बटण दाबून धरतो. परवा पाटींनी आतूनच विचारलं, "याला दहीभात चालतो का?"

लसीची गाडी मात्र अजून आलेली नाही. दोनदा फोन झालाय, पुढच्या सभेत उभं राहून विचारणार आहे. तोवर सुयांवर पाटींची शाल आहे, सुती धाग्याची, कारण लोकरीने त्यांना खाज येते.